सुट्टीसाठी साठवलेले भाग

अक्का, तुला अग्नी देऊन आलो त्याच संध्याकाळी साडेसातला तू परत आलीस. मोरपंखी साडी, कपाळभर कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत सोनं. बंगल्याचा जिना उतरून खाली आलीस आणि समोर उभ्या सुनेला झापायला लागलीस. घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो चहा नको नको म्हणत पीत होता. टीव्ही कुणी लावला कुणास ठाऊक, रोजच्या सवयीनं लागला असेल. सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. कुणाला उठून बंद करायचं धाडस होईना. ज्या घरातून मयत उचललं त्याच घरात मयत भिंतीवरून बोलत होतं. आणि त्यानंतर रोज. तुमच्या धंद्यात माणूस मेलं तरी ड्युटी संपत नाही का गं?

चिडूनच विचारतेय. रडणं झालं, आता नुसती तगमग उरलीय. एका जागी बसवत नाही. परळीला गेले, अर्ध्या कामातून परत आले. तू म्हणायचीस, "आमच्या पुढारीणबाईला ठेच लागली तरी पत्रक निघतं." घे, निघालं.

तू कशानं गेलीस ते सगळ्यांना कळलंय. छातीत कळ आली आणि मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत तू एकटी होतीस. ते मी परत लिहीत नाही. लिहायचंय ते त्या भागांबद्दल. तुम्ही लोक त्याला बँक म्हणता. उद्या कुणी आजारी पडलं, शूटिंग थांबलं, तर मालिका अडू नये म्हणून आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. तूच फोनवर सांगितलं होतंस. मोठ्या आईच्या, म्हणजे तुझ्या मायच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं आणि ती हटून बसली होती की सुमन आल्याबिगर डोळ्याला कुणाला हात लावू देणार न्हाई. तू सुट्टी मागितलीस. ते म्हणाले, जा की, पण जायच्या आधी तुमचे सीन बँकेत टाकून जा. मग अंगात ताप असताना एकाच दिवसात साड्यांवर साड्या बदलत तू सीन दिलेस.

"झाले का गं तुझे भाग?" मी विचारलं होतं.

"झाले बग. आता निवांत येते. माय म्हणंल, आता जा बया, कटाळा आला तुजा."

म्हणजे अक्का, हे दिवस तुझ्या सुट्टीचे होते. टीव्हीवर तुझ्या त्या मामीसाहेबांनी सुनेला छळायचं आणि तू इथं सिरसाळ्यात मायच्या डोळ्यात थेंब टाकायचे, असा तो बेत होता. बेतातलं एकच निम्मं पार पडलं. ज्यांनी आजारी बाईकडून सुट्टीसुद्धा आगाऊ राबवून घेतली त्यांनी तुझ्या फोटोखाली तीन सेकंद काळी पट्टी दाखवली आणि मग साबणाची जाहिरात. नोंद करून ठेवतेय.

चौकात तुझे फ्लेक्स लागलेत. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन गटांचे दोन, मजकूर मात्र एकच: 'सिरसाळ्याच्या सुकन्या मामीसाहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोही मामीसाहेबांचाच, तो एक भुवई वर चढवलेला. खाली पुढाऱ्यांचे चेहरे तुझ्यापेक्षा मोठे. मी छापणाऱ्याला फोन लावला.

"मामीसाहेब कधी मेल्या? त्या रोज साडेसातला धडधाकट आहेत. मेली ती आमची सुमन."

"ताई, सुमन म्हणलं की लोकायला कळंना कोन ते," तो म्हणाला.

मी भांडायच्या तयारीत होते, पण बोलला ते खरं होतं. ज्या पोरीनं जयंतीच्या स्टेजवर माईक बंद पडल्यावर अख्खं नाटुकलं नुसत्या आवाजावर शेवटपर्यंत नेलं, बाजारातल्या माणसांना उभं राहून ऐकायला लावलं, ती सुमन कुणाला आठवत नाही. कुंकवाची, भुवईवाली आठवते.

त्या कुंकवावरून मी तुला कमी बोलले नाही. आपल्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची आणि ती आटोपली की टीव्हीवर तू सत्यनारायणाला बसलेली. मोठी आई हसायची. मला हसू यायचं नाही. "ज्या बंगल्यात तुला खऱ्या नावानिशी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं त्या बंगल्याची तू मालकीण झालीस, तेही त्यांचेच उपास करून," असं मी तुला फोनवर सुनावलं होतं. तू म्हणालीस, "ते उपास पोटभर जेवून करते मी. जेवणाची सुट्टी असती त्याच्या आदी." तुझ्याशी भांडण पेटायच्या आतच तू त्यावर पाणी ओतायचीस. राग माझ्याकडंच राहायचा, ओला होऊन.

पण आपलं खरं वाजायचं ते भाषेवरून.

मुंबईला गेल्यावर कितीतरी वर्षं तू टीव्हीवर मोलकरीण होतीस. तिथं सांगायचे, गावाकडचं बोला. तू सिरसाळ्याचं बोललीस तर म्हणाले, हे नको, हे कळत नाही, ते आपलं 'काय वं मालकीनबाय' असलं काहीतरी बोला. ती भाषा कुठल्या तालुक्यात बोलतात ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. मग तुझं बरं झालं, मामीसाहेब झालीस, पुण्याच्या बंगल्यातली. आता म्हणाले, शुद्ध बोला. 'हाय' निघालं की थांबवलं. 'न्हाई' निघालं की थांबवलं. भांडी घासतानाही सिरसाळा नको आणि सोफ्यावर बसल्यावरही नको. मग आमच्या माणसानं टीव्हीवर नेमकं काय होऊन बोलायचं? हा प्रश्न मी तुला परळीच्या स्टेशनबाहेर विचारला होता. तू गाडीतून उतरली होतीस, मी घ्यायला आले होते, आणि सिरसाळ्याची जीप भरेपर्यंत आपण टपरीवर चहाला थांबलो होतो.

"तू जीभ विकलीस अक्का."

"विकली न्हाई. भाड्यानं दिली. घरी आले की परत घेते. बग, बोलायले का न्हाई?"

"एकदा टीव्हीवर 'कावून' म्हणून दाखव. एकदाच."

तू इतकी हसलीस की टपरीवाल्यानं वळून बघितलं. "अगं, म्हणते की! सीन जोरात आला की तोंडातून पैलं तेच निघतं. सून म्हणती मी जाते, मी म्हणते कावून. मग नंतर काचेमागं बसवतात मला. समोर मीच बोलतीय, अन् माज्याच ओठावर मीच 'का बरं' चिटकवायचं."

"आणि तू चिकटवतेस."

"चिटकवते. ओठ माजे, आवाज माजा. तुला काय तरास?"

मग तू माझ्या पिशवीतून एक पत्रक ओढलंस. वीजकेंद्राच्या उघड्या डंपरमधून रस्त्याभर उडणाऱ्या राखेविरुद्धचं होतं, मला त्याचा अभिमान होता. तू भुवई चढवलीस आणि मामीसाहेबांच्या आवाजात ठसक्यात वाचलंस: "'तरी समस्त नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे, असे जाहीर आवाहन करण्यात येत आहे.' हे सिरसाळ्यात कोन बोलतं गं? तुजी माय बोलती?"

टपरीवाला फिस्सकन हसला. त्याचा मला जास्त राग आला.

"पत्रकाची गोष्ट वेगळी असते," मी म्हणाले.

"कावून?" तू म्हणालीस.

तेवढ्यात जीपवाल्यानं हाळी दिली. आपण दाटीवाटीनं बसलो, तुझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू आलं, आणि ते भांडण तिथंच राहिलं. नंतर कितीदा बोललो आपण, पण त्या प्रश्नावर परत आलो नाही. मला उत्तर सुचलं नव्हतं म्हणून मी काढलं नाही. तू का काढलं नाहीस?

आणि हेही लिहायला पाहिजे, नाहीतर पत्रक एकतर्फी होईल. पहिल्यांदा सभेत बोलायला उभी राहिले तेव्हा चार वाक्यांत माझा घसा बसला होता. संध्याकाळी तुझा फोन. कुणी सांगितलं तुला कुणास ठाऊक. "घशातून वरडतीस. पोटातून काढ. बेंबीवर हात ठेव अन् म्हण, हात हालला पायजे." मोरीचं दार लावून मी बेंबीवर हात ठेवून घोषणा देत होते आणि तू तिकडं मेकअपच्या खुर्चीत बसून म्हणत होतीस, अजून खालून, अजून खालून. आज मी मोर्च्यात दोन-दोन तास बोलते आणि माझा आवाज जात नाही. तो तुझा उपकार आहे. उपकार शब्द तुला आवडला नसता. मग दुसरा तू सांग.

आता मुद्द्याचं.

मोठ्या आईला टीव्ही दिसत नाही. एका डोळ्याला नुसता उजेड आणि दुसऱ्याला हलणारे रंग. इतकी वर्षं तिनं तुझी मालिका ऐकलीच आहे. तू गेल्यावरही ती साडेसातला भिंतीला टेकून बसायची, तुझा आवाज सुरू झाला की मान हलवायची, बोल म्हणून. मध्ये कुणी कुजबुजलं तर हात वर. जेवत नव्हती, कुणाशी धड बोलत नव्हती, पण तो अर्धा तास सोडत नव्हती. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणाले, बंद करू का? तर म्हणाली, "ती बोलायली तवर राहू दे."

आणि एका संध्याकाळी ती मध्येच म्हणाली, "सुमन कुटं गेली?"

मला वाटलं, आता तिला समजलं, आता ती फुटणार.

"टीव्हीत गं. आत्ता व्हती. कुटं गेली?"

"आहे की. समोरच उभी आहे. बोलतेय."

"ही सुमन न्हाई. ही दुसरी कोन बाई हाय."

मग मी कान दिला. तुझ्यासारखा होता आवाज, बराच घासून तुझ्यासारखा केलेला. तुझ्या तोंडातून कुणीतरी दुसरीच बोलत होती. मी ऐकायचं सोडलं आणि बघायला लागले. सून म्हणाली, मी माहेरी जाते. तू गर्रकन वळलीस. आवाज म्हणाला, "का बरं?" पण अक्का, 'बरं' म्हणायला ओठ मिटावे लागतात. तुझे मिटलेच नाहीत. खालचा ओठ दाताला टेकला आणि मग दोन्ही गोल होऊन पुढं आले.

"कावून म्हणाली!" मी ओरडले. "मोठी आई, ती कावून म्हणाली!"

"मला न्हाई ऐकू आलं," मोठी आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन लावून लावून तुमच्या निर्मितीवाल्यांपैकी एकाला गाठलं. गोड माणूस होता. गोड माणसांशी भांडणं फार अवघड.

"मॅडम, आम्ही सगळेच शॉकमध्ये आहोत."

"ते असा. तिच्या तोंडात आवाज कुणाचा घातलाय?"

"डबिंग आर्टिस्ट आहेत एक. सुमनताईंच्या काही संवादांत लँग्वेजची गडबड होती. एरवी त्या स्वतः येऊन करून द्यायच्या. आता त्या…"

"आता ती मेलीय. मग राहू द्या ना गडबड. कुणाचं काय अडलं?"

"चॅनलला शुद्ध लागतं, मॅडम."

"तिचा मूळ आवाज आहे ना तुमच्याकडं? तो लावा. तिची आई आंधळी व्हायला आलीय, ती फक्त ऐकते."

"मी समजू शकतो. पण एडिट होऊन गेलंय सगळं. आणि खरं सांगू, शेवटच्या भागांत त्यांच्या फारच चुका होत होत्या. थकल्या होत्या त्या."

फारच चुका. अक्का, हे वाक्य मला चावत बसलंय. तापात जीभ सैल सुटली होती का? की गाडी पकडायच्या आधीच तू मनानं सिरसाळ्यात येऊन पोचली होतीस? की मुद्दाम? आपल्याला परत येऊन सुधारायचं आहेच, तोवर बोलून घेऊ, असं? मुद्दाम असेल तर मला एक फोन करायचास. मी जिल्हाभर पत्रकं वाटली असती. आणि हो, म्हणूनच केला नसशील. बघ, दोन्ही बाजूंनी मीच बोलतेय. तू समोर नसताना भांडायला काही मजा नाही.

मी पत्रक लिहिलं. 'मराठवाड्याच्या लेकीचा आवाज पुसणाऱ्यांचा जाहीर निषेध.' चांगलं झालं होतं. मोठ्या आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लई चांगलं लिवलंस. ह्याच्यानं ती बोलंल का?"

"त्यांना लाज वाटेल."

"त्यायची लाज घेऊन मी काय करू? मला ती बोलायला पायजे." मग म्हणाली, "तुला तिचं तोंड दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग त्या बाईचं बंद कर अन् तू बोल."

मी बोलले अक्का. ज्या मालिकेला मी अफूची गोळी म्हणत आले तिच्यासमोर मांडी घालून, आवाज शून्यावर नेऊन, तुझ्या ओठांकडं बघत मी मामीसाहेब बोलले. निम्मं ओठांवरून, निम्मं अंदाजानं, आणि सगळं आपल्या भाषेत. "कावून जातीस माहेरी? तुझ्या बापाचं घर पळून चाललंय व्हय?" सून रडली. नवऱ्याला मी भसाडा आवाज दिला. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागल्या. मोठी आई म्हणाली, "किती भराभर बोलायलीस. सभा हाय का?" ती गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणावर तरी खेकसली, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढची दोन वाक्यं माझी चुकली. तुला नीट बघितलं ते मी त्या संध्याकाळी. किती छोट्या छोट्या गोष्टी करत होतीस तू त्या भिकार सीनमध्ये. खोटं बोलायच्या आधी बांगडी मागं सारायचीस. सुनेचा अपमान करताना तिच्या डोळ्याकडं न बघता कानाकडं बघायचीस. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी भांडायला बघत होते. आता हे कुणाला सांगू? तुझ्या कामाबद्दल तुझ्याशी एकदाही धड बोलले नाही, तुझ्या भाषेबद्दलच बोलत राहिले.

काल तुझी बँक संपली.

सुरुवातीला तू होतीस, दिवाणखान्यात, कुणाचं तरी पत्र फाडत होतीस. ते मी बोलले. जाहिराती झाल्या. मग बंगल्याचं फाटक, बाहेर गाडी उभी, मामीसाहेब परदेशी भाचीकडं निघाल्यात. साडी तुझी, अंबाडा तुझा. पण पाठमोरी. आणि चाल तुझी नव्हती. तू डाव्या पायावर किंचित भार टाकतेस, ही बाई सरळ चालत होती. दुसऱ्याच कुणाला तरी तुझी साडी नेसवून त्यांनी फाटकाकडं पाठवलं होतं. आवाज परका होता तो मी बंद केला होता. आता तोंडही नव्हतं.

मोठी आई माझ्या बाजूला सरकून बसली होती. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

"बोल की. काय म्हणायली?"

गाडीचं दार उघडलं गेलं. पाठमोरी आहे म्हणून सांगता आलं असतं, काही बोलत नाही म्हणून सांगता आलं असतं. खरं तेच होतं आणि खरं बोलायचं सोडून मी कुणासमोर कधी वाकले नाही. मी बेंबीवर हात ठेवला.

"आई, मी निघते आता. तू वेळेवर जेवत जा," मी म्हणाले. चांगला निघाला आवाज. स्वच्छ, घोळदार, अगदी टीव्हीतल्यासारखा.

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मामीसाहेबांना मालिकेत आईच नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. मोठ्या आईलाही. ती ते म्हणेल असं मला वाटलं.

"सुमन मला आई कवा म्हणली?" ती म्हणाली. "माय म्हणती. अन् निघते कुटली, येते म्हणती. परत म्हण."

पडद्यावर गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

"माय, येते गं मी. जेव बगू तू."

"हां," मोठी आई म्हणाली. "आता कर बंद."